गाठ बसण्याचा क्षण

रेवण बंडगर प्रयोगशाळेच्या दारात आला, तेव्हा डॉ. हेमांगी सबनीस आपल्या टोपीचा पट्टा हनुवटीखाली आवळत होत्या. बारीक संवेदकांची ती जाळीदार टोपी घातली की माणूस पोहायला निघाल्यासारखा दिसे. हेमांगीबाईंना ते ठाऊक होतं, आणि दिसण्याची काळजी त्यांनी बरीच वर्षं सोडून दिली होती.

रेवण उंबऱ्यावरच थांबला. त्याने एक चप्पल काढली. आत नजर टाकली. काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. मग दुसरी काढली, आणि एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर असा तो उभाच राहिला. एकोणीस वर्षांचा, सडपातळ, उन्हाने रापलेला मुलगा. त्याच्या मागे इलाही मुजावर, त्याला आटपाडीहून इथे मिरजेला घेऊन आलेले, गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे शोधक, खिशातला रुमाल काढून मान पुसत होते.

"ये, आत ये," बाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. अजून काहीच ठरलेलं नाही."

हे वाक्य त्या चाचणीला येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला म्हणत. सवयीने म्हणत, पण खोटं म्हणून म्हणत नसत. अकरा वर्षं खपून त्यांनी हे यंत्र उभं केलं होतं ते यासाठीच, की कुणाचंही काही आधी ठरू नये. ओळखपाळख, आडनाव, चेहरा, चालण्याची ढब यांवरून खेळाडू निवडायचे दिवस जावेत आणि मोजून निवडायचे दिवस यावेत.

महाराष्ट्रात बेसबॉल फोफावल्याला आता बराच काळ झाला होता. वरती महालीग होती. तिचे सामने रात्रीच्या झगझगीत दिव्यांत, गालिच्यासारख्या सपाट कृत्रिम हिरवळीवर होत. खाली उपलीग होती. तिथे जे मैदान मिळेल त्यावर खेळायचं, मिळेल ते खायचं आणि वरून बोलावणं येतंय का याची वाट पाहायची. रेवण उपलीगमध्ये माणदेश संघाकडून शॉर्टस्टॉपच्या जागी खेळे. ही जागा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे फलंदाजाने धावत गाठायच्या ठाण्यांच्या, मधली. जमिनीवरून टप्पे खात येणारा चेंडू उचलायचा आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिकडे फेकायचा. आतल्या मैदानातलं सगळ्यात अवघड काम हेच. यंदा महालीगच्या कृष्णाकाठ संघात त्या जागेसाठी एकच माणूस घ्यायचा होता, आणि तो हेमांगीबाईंच्या शिफारशीशिवाय घ्यायचा नाही असं संघाने ठरवलं होतं. रेवणला बोलावणं आलं नाही, तर थोरल्या भावाने जेसीबी घेऊन ठेवला होता. पुढच्या महिन्यापासून रेवणने तो चालवायचा, असं घरात ठरलं होतं.

चाचणी सकाळभर चालली. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला मोठी बंदिस्त शेड होती. तिच्या एका टोकाला चेंडू मारणारं यंत्र होतं आणि मधे सपाट, एकसारखी हिरवळ. रेवण मापनटोपी घालून उभा राहिला. चेंडू सुटत गेले. हेमांगीबाई काचेआडच्या खुर्चीत आपली टोपी घालून बसल्या, आणि त्यांचा सहायक निनाद ढवळे पडद्यासमोर.

"बाई, एक विचारू का?" मुजावर म्हणाले. "टोपी त्येनं घातली ते समजलं. तुमी कशाला घातलीया?"

"वजाबाकीसाठी," निनादने परस्पर उत्तर दिलं. "खोलीतल्या विजेचा गोंगाट, शिवाय कोणत्याही जाग्या माणसाच्या मेंदूत चालणारी नेहमीची कुजबुज, दोन्ही टोप्यांत सारखीच येते. मॅडमचा आलेख रेवणच्या आलेखातून वजा केला, की उरतो तो फक्त रेवणचा निश्चय."

"आणि बाईंच्या आलेखाचं काय करता?"

"काही नाही. तो नुसता साठत जातो. कचराच म्हणा ना."

मुजावर हसले. ते स्वतः एके काळचे शॉर्टस्टॉप. उजव्या हाताची दोन बोटं मोडून वेडीवाकडी जुळलेली होती आणि ती ते बोलताना मुद्दाम पुढे करत. माणूस बढाईखोर होता, पण खेळाडूंवर जीव होता. "आता मला निश्चय म्हंजे काय ते सांगा. साध्या भाषेत."

हेमांगीबाईंना हे समजावून सांगायला आवडे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "चेंडू फलंदाजाच्या बॅटवरून निघाला, की खेळाडूच्या मेंदूत एकच बेत तयार होत नाही. डावीकडे झेपावायचं, पुढे धावायचं, जागीच वाकायचं, असे तीन-चार बेत एकाच वेळी तयार असतात. ही बघा त्यांची रेघ न् रेघ. केरसुणीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या दिसतात ना? मग एका क्षणी त्यातला एक बेत बाकीच्यांना दाबून टाकतो. काड्या एकत्र येतात. आम्ही म्हणतो, गाठ बसली. हाच निश्चयाचा क्षण. गंमत अशी, की माणसाला 'मी ठरवलं' असं वाटतं ते गाठ बसल्यावर, कधीकधी बऱ्याच उशिराने."

"म्हंजे आदी ठरतं आन् मग कळतं?"

"बरोब्बर. आणि एकदा गाठ बसली की पुढची माहिती मेंदू ऐकतो, पण ती त्याच निर्णयाच्या सोयीने ऐकतो."

"हे फक्त चेंडूचंच?"

"कशाचंही. चेंडूचा निर्णय डोळ्याचं पातं लवण्याइतक्या वेळात होतो, तो वरच्या पट्ट्यात दिसतो. एखाद्या माणसाबद्दल, कामाबद्दल मत बनवताना मेंदू सावकाश चालतो, त्याच्यासाठी हा खालचा संथ पट्टा. तिथे 'हो' आणि 'नाही' अशा दोनच जुड्या असतात. खेळाडूंच्या चाचणीत आम्हाला तो लागत नाही."

निनादने आकडे पुढे केले आणि बाईंचा चेहरा गंभीर झाला. महालीगमधल्या चांगल्या शॉर्टस्टॉपची गाठ चेंडूच्या पहिल्या टप्प्यावर बसे. रेवणची शेवटच्या टप्प्यापर्यंत बसतच नव्हती. चेंडू हाताशी आला तरी काड्या पसरलेल्याच. त्यामुळे समोरचे चेंडू तो अचूक उचले, पण बाजूला गेलेल्या चेंडूंना पाऊलभर कमी पडे आणि त्याची फेक उशिरा पोचे.

"विलंबित निश्चय," बाई म्हणाल्या. "मुलगा गुणी आहे, मेहनती आहे. पण ठरवत नाही. शिफारस करता येणार नाही."

"ठरवत न्हाई?" मुजावर खुर्चीतून उठले. "बाई, त्येचं मैदान बघितलंय का तुमी? नुसता मुरूम. चेंडू टप्पा खाऊन कुठं जाईल ते बापाला सांगता यायचं न्हाई. तिथं जो आदी ठरवतो त्येचे दात पडत्यात. पोरगं थांबायला शिकलंय."

"महालीगची मैदानं सपाट आहेत, मुजावरकाका."

"मी त्येला एका नजरंत वळखला. एस्टीतनं उतरतानाच म्हणलं, ह्यो शॉर्टस्टॉप! तीस वर्सं झाली, माजी पहिली नजर चुकलेली न्हाई."

"हेच तर," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या नजरेत ठरवता आणि मग त्याच्या बाजूने भांडता. मी सगळे आकडे येईपर्यंत ठरवत नाही. आपल्या दोघांत फरक एवढाच आहे."

मुजावर गप्प बसणाऱ्यातले नव्हते. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं, की दुसऱ्या दिवशी शेडमधली हिरवळ गुंडाळून ठेवायची, खाली मुरूम पसरायचा आणि चाचणी पुन्हा घ्यायची. बाईंनी एक अट घातली. उद्या संदर्भटोपी, म्हणजे वजाबाकीची ती दुसरी टोपी, मुजावरांनी घालायची. "तुमची पहिली नजर किती पहिली आहे ते बघूच," त्या म्हणाल्या. मुजावरांनी मोडकी बोटं नाचवत आव्हान घेतलं.

मुरुमावरचा रेवण निराळाच होता. चेंडू दगडाला लागून उसळे, वळे, कधी जागीच मरे. तो गुडघे वाकवून, हात मोकळे सोडून उभा राही आणि अगदी शेवटी, जणू चेंडूनेच त्याला बोलावलं अशा सहजतेने, जिथे हवा तिथे हात नेई. दुपारी पडताळा म्हणून महालीगमधल्या एका नावाजलेल्या शॉर्टस्टॉपच्या नोंदी निनादने त्याच मुरुमावर संगणकात चालवून पाहिल्या. लवकर गाठ बसणारा तो गडी निम्मे चेंडू सोडत होता.

"दिसलं?" मुजावर म्हणाले.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "खडबडीत जमिनीवर तो उत्तम आहे. पण महालीग खडबडीत जमिनीवर खेळत नाही. त्याने माझा निष्कर्ष बदलत नाही, उलट पक्काच होतो." बोलता बोलता त्यांना स्वतःच्या आवाजात काहीतरी खटकलं. कसलीशी घाई होती त्यात. पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मॅडम, पैज राहिली," निनाद म्हणाला. त्याला गंमत हवी होती. "काकांचा संथ पट्टा उघडू?"

मुजावरांनी टोपी काढून केसांवरून हात फिरवला आणि छाती पुढे काढून पडद्यासमोर बसले. निनादने सकाळपासूनची नोंद उघडली. 'हो' आणि 'नाही' अशा दोन जुड्या पडद्यावर आल्या. चाचणीची सुरुवात, पहिला चेंडू, मधली सुट्टी. निनाद नोंद पुढे सरकवत राहिला. काड्या पसरलेल्याच होत्या. सुरेख उचललेल्या एखाद्या चेंडूवर 'हो'ची जुडी जराशी आवळे आणि एखाद्या उशिरा पोचलेल्या फेकीवर पुन्हा सुटे. शेवटचा चेंडू झाला तरी गाठ नव्हती.

"काका," निनाद हसू आवरत म्हणाला, "तुमचं तर अजूनही ठरलेलं नाही."

मुजावरांचा चेहरा पडला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. "असं कसं? काल मी एवढा भांडलो की!"

"भांडलात तोंडाने. मेंदू अजून बघतोच आहे."

"म्हंजे तीस वर्सं मी 'पहिल्या नजरंत वळखतो' म्हणत आलो, ते समदं खोटं?" मुजावर मोडक्या बोटांकडे पाहू लागले. "मग शेवटपर्यंत पोटात गोळा का असायचा, ते आता कळलं. मला वाटायचं ऍसिडिटी."

निनाद मोठ्याने हसला. हेमांगीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला होता, आणि तो आल्यावर त्यांना थंडगार वाटलं. मुजावर स्वतःबद्दल चुकले होते. त्यांना वाटत होतं एक, मेंदू करत होता दुसरं. मग ही चूक फक्त मुजावरांनीच करावी असं यंत्राच्या तत्त्वात कुठे होतं?

"निनाद," त्या म्हणाल्या, "कालची संदर्भटोपीची नोंद उघड."

"तुमची? मॅडम, ती तर आपण कधीच..."

"उघड."

काल सकाळची नोंद. शेजारच्या चौकटीत दाराकडच्या कॅमेऱ्याचं चित्र. बाई पट्टा आवळताहेत. दार रिकामं आहे, काड्या पसरलेल्या आहेत. रेवण दारात येतो. चप्पल काढतो, घालतो, दुसरी काढतो, थांबतो. आणि पडद्यावर, तो एक पाय चपलेत ठेवून उभा असतानाच, 'नाही'ची जुडी घट्ट आवळली गेली. गाठ बसली. त्यानंतर चित्रातल्या हेमांगीबाई गोड हसून म्हणाल्या, "ये, आत ये. घाबरू नकोस. अजून काहीच ठरलेलं नाही."

निनादने नोंद पुढे नेली. पहिला चेंडू, दहावा, शंभरावा. अचूक उचललेले आणि सुटलेले. गाठ जराही हलली नाही. सगळे आकडे येण्याची वाट पाहणारी बाई आकडे येत असताना सबंध वेळ बंद होती.

"जुन्या नोंदी उघडू का?" निनादने हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. त्याने पाच-सहा उघडल्या. काही 'हो'च्या होत्या, काही 'नाही'च्या. एकूण एक गाठी खेळाडूने दारातून आत पाऊल टाकायच्या सुमारास बसलेल्या. मोजमाप खरं होतं, आकडे खरे होते. फक्त ते आकडे चांगले की वाईट हे ठरवणारं माणूस प्रत्येक वेळी आधीच उठून गेलेलं होतं. अकरा वर्षं पुरावा त्यांच्याच डोक्यावर होता आणि त्यांनीच तो कचरा म्हणून वजा केला होता.

बाईंना रडू आलं नाही, पण लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही. त्या खुर्चीत टेकून बसल्या. "माझा थोरला भाऊ होता, श्रीधर," त्या म्हणाल्या. "आमच्यात सगळ्यात हुशार. पण कुठल्याही दारात असाच उभा राहायचा. आत जाऊ की नको, ही नोकरी घेऊ की ती. आयुष्य निघून गेलं त्याचं उंबऱ्यावर. मला त्याचा फार राग होता. निश्चयावर संशोधन करायला मी निघाले ती त्याच रागाने. काल हा मुलगा तसाच उभा राहिला, आणि मी श्रीधरला नापास केलं."

मुजावरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. आज जिंकलो म्हणून त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता. "आता वो?" त्यांनी विचारलं. "गाठ सुटती का पुन्हा?"

"आपोआप नाही," बाई म्हणाल्या. "चांगल्या हेतूने तर नाहीच. आता मी ठरवून 'हो' म्हटलं, तर तो नुसता पश्चात्ताप असेल, निर्णय नव्हे. जुन्या कारणात अजिबात न बसणारं काहीतरी समोर यावं लागतं. आणि यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येक संघाला मला आता हे कळवावं लागेल, की दुसरी टोपी कधीही बंद ठेवू नका, परीक्षकाचा आलेख आधी बघा. त्यातले निम्मे यंत्र परत पाठवतील."

त्यांनी संदर्भटोपी पुन्हा डोक्यावर चढवली, पट्टा लावला आणि निनादला संथ पट्टा समोरच्या मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला. 'नाही'ची जुडी आवळलेलीच होती. आपलं बंद मन असं समोर टांगलेलं पाहणं त्यांना फारसं सुखाचं वाटलं नाही.

"रेवणला बोलाव," त्या म्हणाल्या.

तो हात धुऊन आला. आज चपला बाहेर, नीट जोडीने ठेवलेल्या. बाईंनी त्याला समोर बसवलं. विचारण्यासारखं खूप होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"काल दारात इतका वेळ का थांबलास रे? एक चप्पल पायात, एक बाहेर?"

रेवण ओशाळला. "चुकलं का मॅडम?"

"चुकलं नाही. मला कळून घ्यायचंय."

"बाहेर चपलांची रांग होती," तो आठवत म्हणाला. "म्हंजे काढायची. पण आत बगितलं तर तुमच्या पायात बूट, ह्या सरांच्याबी पायात बूट. म्हंजे घालून यायचं. कायतरी एकच खरं असणार ना? घालून आलो आन् तुमची फरशी घाण झाली तर? काढून आलो आन् आत कायतरी रुतलं, टोचलं तर? म्हणून खरं काय ते कळंपर्यंत थांबलो. तुमी 'ये' म्हणला, मग काढूनच आलो. घाण होण्यापरीस टोचलेलं बरं."

हेमांगीबाईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. प्रयोगशाळेतले लोक आतले बूट वेगळे ठेवत, आणि पाहुणे चपला बाहेर काढत. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं. दारातून येणाऱ्या माणसाला दोन उलट गोष्टी एकदम दिसतात, हे आजवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शेकडो खेळाडू येऊन गेले. सगळ्यांनी झटकन काहीतरी ठरवलं. निम्म्यांनी चुकीचं. हा एकटा थांबला होता, कारण थांबण्यासारखं खरोखर काही होतं. श्रीधर कधीच असा थांबला नव्हता. श्रीधरला दोन्ही बाजू दिसत नसत, त्याला फक्त भीती दिसे.

"मॅडम," निनाद कुजबुजला.

त्यांनी वर पाहिलं. पडद्यावरची 'नाही'ची जुडी सैल होत होती. एकेक काडी सुटून पसरली. शेजारी 'हो'च्या काड्याही जाग्या झाल्या. दोन्ही जुड्या शेजारी शेजारी मोकळ्या, आणि गाठ कुठेच नाही. मुजावर तोंड उघडून बघत राहिले.

बाईंच्या पोटात गोळा आला. मुजावर सांगत होते तो हाच असावा. सपाट मैदानावर हा मुलगा लवकर ठरवायला शिकेल का? शिकला तर त्याची ही दुसरी गोष्ट टिकेल का? सपाट मैदानावरही कधीतरी चेंडू दगा देतोच, तेव्हा बाकी सगळे कुठे असतील आणि हा कुठे? त्यांना ठाऊक नव्हतं. खरोखरच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत प्रथमच एखादी चाचणी सुरू होत होती.

"उद्या पुन्हा हिरवळ टाकू," त्या निनादला म्हणाल्या. "पण खाली मधेमधे मुरूम राहू दे. कुठे आहे ते कुणालाच सांगू नकोस, मलाही नाही."

रेवण उठला. दारापाशी जाऊन तो वळला आणि दोन दिवस जिभेच्या टोकावर अडवून धरलेलं त्याने एकदाचं विचारलं.

"मॅडम, भाऊ सारका फोन करतोय. त्येला काय सांगू? माजं काय ठरलं?"

हेमांगीबाईंनी उत्तर देण्याआधी एकदा पडद्याकडे पाहून घेतलं.

"अजून काहीच ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.